हाताच्या अंतरावर

बासष्टाव्या वर्षी माणसाने कोणकोणत्या गोष्टी नव्याने शिकू नयेत, याची एक यादी आमच्या घरी तयार आहे. तीत पोहण्याचा क्रमांक पहिला लागतो. उद्यापासून मी कृष्णेवर पोहायला जाणार आहे असे मी जाहीर केले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि अगदी शांतपणे विचारले, "विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेवढं सांगून जा."

तिचे काही चुकले होते असे नाही. मी सांगलीत जन्मलो, सांगलीत वाढलो, आणि नदीपासून दहा मिनिटांच्या वाटेवर उभे आयुष्य काढूनही पाण्यात कधी गुडघ्यापलीकडे उतरलो नाही. यातला खरा विनोद निराळाच आहे. तीस वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. पाण्यात बुडालेल्या वस्तूवर, तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके प्लावक बल वरच्या दिशेने काम करते, हे सव्वादोन हजार वर्षांपूर्वी आर्किमिडीजने सांगितलेले तत्त्व मी किती वर्गांना समजावून दिले असेल! छातीत हवा भरलेली असली म्हणजे बहुतेक माणसांचे शरीर गोड्या पाण्याहून किंचित हलकेच असते. तेव्हा माणूस बुडतो तो वजनामुळे नव्हे, धांदलीमुळे, असेही मी मोठ्या ऐटीत सांगत असे. मुले ते वहीत उतरवून घेत. शाळा सुटली की तीच मुले घाटावरून धडाधड मुटके मारीत, आणि मी मात्र वरच्या पायरीवर चपला हातात धरून उभा राही.

हे असेच चालले असते. पण २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलापाशी पंचेचाळीस फूट ही कृष्णेची धोक्याची पातळी. त्या वर्षी पाणी सत्तावन्न फुटांच्याही वर गेले. १९२९ साली बांधलेल्या त्या पुलाने पुष्कळ पूर पाहिले असतील, पण आमच्या पिढीने असा पाहिला नव्हता. गावभागातल्या आमच्या घराचा खालचा मजला पाण्यात गेला आणि माडीच्या खिडकीशी बोट आली. नातीला पोटाशी धरून मी तीत बसलो. बोटीवरच्या पोराने विचारले, "आजोबा, पोहता येतं का?" मी मान हलवली. तो काही बोलला नाही. फक्त नातीला माझ्याकडून घेऊन त्याने आपल्या शेजारी बसवले. त्याने केले ते बरोबरच होते. पण ते पोर माझ्या हातातून गेले तेव्हा जी लाज वाटली, ती पूर ओसरला तरी ओसरली नाही.

पुढे करोनाची दोन वर्षे गेली, आणि २०२२ च्या दिवाळीनंतर, पावसाचे गढूळ पाणी निवळल्यावर, मी एकदाचा घाटावर गेलो.

तिथे रोज सकाळी दहा-पंधरा जणांचा मेळा जमतो. त्याला नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. दोन वकील, एक पिठाच्या गिरणीचा मालक, एक निवृत्त तलाठी, बाजारातले दोन अडते आणि चार-सहा कॉलेजची पोरे, अशी ती मंडळी. नियम मात्र पक्के आहेत. नीट उजाडल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, कारण कृष्णेत मगरी आहेत हे सांगलीकराला निराळे सांगावे लागत नाही. एकाने कायम पायरीवर बसून पाण्यावर नजर ठेवायची. एकट्याने उतरायचे नाही. पाणी चढू लागले की नदीकडे पाठ फिरवायची. आणि नव्या माणसाने आण्णा सांगतील तेवढेच करायचे.

आण्णा म्हणजे मार्केट यार्डातले जुने हमाल. वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. जन्मभर हळदीची पोती वाहून त्यांचे खांदे असे घडले आहेत की पाण्यात उतरले तरी ते कसले तरी ओझे उचलायला निघाल्यासारखे दिसतात. त्यांची शाळा चौथीपर्यंत झाली. पण त्या घाटावर निदान दोनशे माणसे त्यांच्या हाताखाली पोहायला शिकली आहेत, असे सगळे सांगतात. पूर्वी ते सुक्या भोपळ्यांची सांगड बांधून शिकवीत; आता झाकण घट्ट लावलेला प्लास्टिकचा डबा पाठीला बांधतात.

नवशिका होणे म्हणजे काय, हे मी विसरूनच गेलो होतो. माणसाचे वय वाढते तसतसा तो आपल्याला येणाऱ्या गोष्टींच्या कुंपणात राहू लागतो. तिथे त्याला सगळे 'सर' म्हणतात. कुंपणाबाहेर पाऊल टाकले की तो पहिलीतला पोर! पाठीवर निळा डबा बांधून मी पाण्यात धडपडत होतो, तेव्हा शेजारून सफाईने हात मारीत गेलेला एक वकील थांबून म्हणाला, "सर, मान खाली. मान वर काढली की पाय बुडणारच." हा वकील माझाच विद्यार्थी. नववीत विज्ञानात त्याला मी पस्तीस गुण दिले होते, तेही कृपेने. आता तो मला प्लावक बल शिकवीत होता, आणि बरोबर शिकवीत होता. माणसाच्या डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो तरी असते. ते पाण्याबाहेर धरायचे तर तेवढा भार उरलेल्या शरीराने पेलायला हवा, आणि मग पाय खाली जातात. बुडण्याच्या भीतीने आपण डोके वर काढतो, आणि डोके वर काढल्यामुळेच बुडू लागतो.

पंधरा दिवसांनी डबा सुटला. आता आण्णा कमरेइतक्या पाण्यात उभे राहत आणि मी त्यांच्या तळहातावर आडवा होई. पोटाखाली तो रुंद, खरबरीत तळहात लागला की मला जगाची भीती वाटत नसे. "धरलंय मी, घाबरू नका सर," ते म्हणत, आणि मी हातपाय मारी. नाकाने पाण्यात श्वास सोडायचा, तोंड वळवून घ्यायचा, पुन्हा सोडायचा. तळहाताची हळूहळू चार बोटे झाली, चारांची दोन झाली. पण मागून आवाज येतच होता, "धरलंय, धरलंय."

एके दिवशी मी असाच एका पायरीकडून निघून दुसऱ्या पायरीला लागलो, तर वर बसलेल्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. मी वळून पाहिले. आण्णा माझ्यामागे हातभर अंतरावर उभे होते आणि त्यांनी आपले दोन्ही पंजे, पोलिसाला शरण आलेल्या माणसासारखे, पाण्याबाहेर वर धरले होते.

"हात कधी काढला?" मी विचारले.

"परवाच्यापासनं काढलाय," आण्णा म्हणाले, आणि सगळा घाट हसला.

मीही हसलो. पण घरी येईपर्यंत ते हसू विरून गेले होते आणि मनात चक्क राग होता. वाचकांना हा राग चमत्कारिक वाटेल. मला पोहता येऊ लागले होते! ज्याच्यासाठी गेलो ते हाती आले होते. मग राग कशाचा? राग याचा, की तीन दिवस हा माणूस 'धरलंय' म्हणत होता आणि धरले नव्हते. मी माझा जीव त्याच्या शब्दावर ठेवला होता, आणि तो शब्द खोटा होता. दुसऱ्या दिवशी मी घाटावर गेलो नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. घरी थंडीचे निमित्त सांगितले.

रिकाम्या माणसाला राग आला की तो पुस्तके काढतो. खोटे बोलणे कधीतरी योग्य असते काय, हा प्रश्न काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्ट याने १७९७ साली एका छोट्या निबंधात फार कडक उत्तर दिले. खुनी दाराशी येऊन 'तुझा मित्र घरात लपला आहे काय?' असे विचारील, तरी त्याच्याशीही खोटे बोलण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्याचे म्हणणे. आपल्याकडे धर्मराजाची गोष्ट आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला, आणि द्रोणाचार्यांनी समजावे की मुलगा मेला, अशा बेताने युधिष्ठिर बोलला. शब्द खरे, पण हेतू खोटा. त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वरून चालत असे, तो त्या क्षणी खाली टेकला. महाभारतकार किती सूक्ष्म! शब्द खरा की खोटा हे त्याने पाहिलेच नाही. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरवले, तेवढे पाहिले.

या हिशेबाने आण्णांचा रथही जमिनीवर टेकायला हवा होता. असे मनाशी ठरवून मी पुस्तक मिटले, आणि मग मला आई आठवली.

खरे म्हणजे ती आठवू नये म्हणूनच मी आण्णांवर रागावून बसलो होतो, असे आता वाटते.

१९९८ च्या आषाढात आईच्या पोटातल्या गाठीचे निदान झाले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले, दोन महिने, फार तर तीन. आम्ही भावंडे व्हरांड्यात उभे राहिलो आणि पाच मिनिटांत ठरवले की तिला सांगायचे नाही. साधी गाठ आहे, औषधांनी विरेल, असे सांगायचे. हे ठरवताना आमच्यापैकी कुणाला शंका आली नाही. तिच्या मनाला त्रास होऊ नये, हेच सर्वांच्या तोंडी होते.

आईचे माहेर वारणाकाठी, सांगलीपासून जेमतेम पंचवीस किलोमीटरांवर. पण जमिनीच्या वाटणीवरून तिचे आणि थोरल्या भावाचे बोलणे तुटले होते, त्याला अकरा वर्षे झाली होती. श्रावणात एकदा तिने मला जवळ बोलावले. म्हणाली, "मला एकदा दादाकडे घेऊन चल." मी म्हणालो, "बरी झालीस की भाऊबिजेलाच जाऊ की, ऐटीत!" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने माझ्याकडे सरळ पाहून विचारले, "खरं सांग, यातून मी उठणार ना?"

"उठणार म्हणजे काय, उठणारच," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे आणखी क्षणभर पाहिले आणि भिंतीकडे कूस वळवली. त्यानंतर तिने तो प्रश्न कुणालाही विचारला नाही. भावाचे नावही काढले नाही. तिचे समाधान झाले, असे आम्ही समजलो. कोजागरीनंतर तिसऱ्या दिवशी ती गेली. भाऊबीज पंधरा दिवसांवर होती. मामा आला तो स्मशानात.

मी हे कुणाजवळ कधी बोललो नव्हतो. कुणी दोषही दिला नसता. त्या काळी घरोघर असेच चाले, आणि केवळ आपल्याकडेच असे नाही. १९६१ साली अमेरिकेत डॉक्टरांची एक पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांचा कल रोग्याला कर्करोगाचे निदान न सांगण्याकडे होता. अठरा वर्षांनी, १९७९ मध्ये, तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा सत्त्याण्णव टक्के डॉक्टर सांगावे या मताचे निघाले. एका पिढीत सगळेच उलटे झाले! पण पहिले डॉक्टर दुष्ट होते आणि दुसरे सज्जन, असे मला वाटत नाही. पहिल्यांनाही रोग्याची दयाच येत असणार, जशी मला आली.

मग आण्णांच्या खोट्यात आणि माझ्या खोट्यात फरक काय? दोघांचाही हेतू चांगला. दोघांनीही समोरच्याची भीती कमी व्हावी म्हणूनच खोटे सांगितले. फरक नसेल, तर आण्णांवर रागावण्याचा मला काय अधिकार? आणि फरक असेल, तर तो काय, हे कळल्याशिवाय मला चैन पडेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो.

ते ओट्यावर नातवाच्या सायकलची साखळी बसवीत होते. मी प्रास्ताविक न करता विचारले, "आण्णा, तुम्ही 'धरलंय' म्हणत होता आणि धरलं नव्हतं. हे खोटं नव्हे?"

त्यांनी साखळीवरून मान वर केली. प्रश्न त्यांना विशेष अवघड वाटलेला दिसला नाही.

"हात काढला व्हता, सर," ते म्हणाले. "मी कुठं गेलो व्हतो?"

एवढे बोलून ते पुन्हा साखळीला लागले. मी मात्र त्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिलो.

आण्णांनी हात काढला होता, पण ते स्वतः हातभर अंतरावर उभे होते. माझे नाक पाण्याखाली जाते तर तो तळहात पुन्हा पोटाखाली आला असता. 'धरलंय' या शब्दाचा मी लावलेला अर्थ खोटा होता. पण त्या शब्दावर मी जो भरवसा ठेवला होता, तो खोटा नव्हता. आणि मी? मी आईला 'धरलंय' म्हणालो आणि काठावर पळून गेलो. मी तिथे होतो, पायाशी बसत होतो, औषधे देत होतो, हे सगळे खरे. पण ज्या पाण्यात ती उतरत होती, त्या पाण्यात मी नव्हतो. तिने तो एक प्रश्न विचारून माझा हात चाचपून पाहिला होता. तो तिथे नाही हे तिला कळले, आणि म्हणून ती भिंतीकडे वळली. पुढचे दोन महिने ती सगळे जाणून एकटी होती, असे आता मला जवळजवळ निश्चित वाटते. मरणाविषयी माझ्याशी बोलता येणार नाही, एवढेच मी तिला त्या खोट्याने कळवले होते.

दुसरी गोष्ट. आण्णांचे खोटे संपण्यासाठीच जन्माला आले होते. तीन दिवसांनी त्यांनी आपण होऊन दोन्ही पंजे वर करून दाखवले. मला जे कळू दिले नव्हते ते माझे मला परत दिले, आणि त्याबरोबर माझे स्वतःचे बळही. त्या खोट्यानंतर मी आधी होतो त्याहून अधिक मोकळा झालो. माझे खोटे उघड होण्याची वेळच येणार नव्हती. ती येण्याआधी आई जाणार होती, हे धरूनच ते बोललेले होते. त्याने तिची शक्ती वाढली नाही. होती तीही गेली. तिला पंचवीस किलोमीटर जायचे होते. अंगात बळ होते तेव्हा मी तिला थांबवले आणि तिचे उरलेले दिवस माझ्या सोयीने खर्च केले. होय, माझ्या सोयीने. तिच्या मनाला त्रास होऊ नये असे मी म्हणत होतो; पण 'नाही, आई' एवढे दोन शब्द उच्चारण्याची भीती मला होती. तिच्यासाठी म्हणून सांगितलेल्या त्या खोट्याने मी स्वतःला वाचवले होते.

म्हणून सगळ्या रोग्यांना सगळे सांगून टाकावे, असा निकाल मी देत नाही. सत्य तोंडावर फेकून काठावर उभे राहणारेही असतात. त्यांनी तरी कुठे हात दिलेला असतो? एवढेच वाटते, की पाण्यात उतरणाऱ्याला निदान विचारता येते, 'तुला किती जाणून घ्यायचे आहे?' आणि तो जे सांगेल ते ऐकायला जवळ थांबता येते. आईने तर न विचारताच सांगितले होते. मी ऐकले नाही.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा घाटावर गेलो. कुणी काही विचारले नाही. गिरणीवाल्यांनी फक्त सरकून मला पायरीवर जागा करून दिली.

या गोष्टीला आता काही वर्षे झाली. गेल्या हिवाळ्यात आमच्यात एक नवे गृहस्थ आले, बँकेतून निवृत्त झालेले, माझ्याइतकेच भित्रे. आण्णांचे गुडघे हल्ली थंड पाण्यात दुखतात. ते पायरीवर बसून पाण्यावर नजर ठेवतात. म्हणाले, "सर, ह्यांना तुम्ही धरा." डबा सुटल्यावर त्या गृहस्थांच्या पोटाखाली मी माझा तळहात ठेवला. खडूची सवय असलेला माझा हात आण्णांच्या हातापुढे काहीच नव्हे. पण त्यांनी त्याच्यावर सगळा भार टाकला. तेव्हा मला पुन्हा तोच प्रश्न पडला.

मी त्यांना उभे केले आणि सांगितले, "हे पाहा, मी कधीतरी हात काढणार आहे. केव्हा ते सांगणार नाही. तेव्हाही मी 'धरलंय' असंच म्हणत राहीन. पण हाताच्या अंतराबाहेर जाणार नाही. चालेल?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. पायरीवरून आण्णा हसून म्हणाले, "आसं सांगून कोण शिकतंय व्हय, सर!"

आण्णांचे खरे होते. ते गृहस्थ दर दोन हातांनी मान वर काढून मागे पाहू लागले; मान वर काढली की पाय बुडत; मग मी पुन्हा हात लावी. एरवी आठवड्यात होणाऱ्या कामाला सतरा दिवस लागले. अठराव्या दिवशी ते मागे न पाहता पलीकडच्या पायरीपर्यंत गेले, आणि मी हातभर अंतरावरून त्यांच्यामागे गेलो.

या दिवाळीत भाऊबिजेच्या सकाळी मी वारणाकाठच्या त्या गावी जाणार आहे. मामा आता नाही. त्याचा मुलगा आहे. तिथली नदी आईच्या लहानपणची. पाणी निवळले असेल, आणि कुणी सोबतीला काठावर उभे राहील, तर थोडा उतरेन म्हणतो.